नळ स्टॉपजवळचा आठ आठवड्यांचा सजगता वर्ग: एका दत्तक आईचा अभिप्राय

कर्वे रस्त्यावर नळ स्टॉपपासून पायी पाच-सात मिनिटांच्या अंतरावर, एका जुन्या बंगल्याच्या पहिल्या मजल्यावर पालकांसाठी माइंडफुलनेसचा, म्हणजे सजगतेचा, आठ आठवड्यांचा वर्ग भरतो. हा अभिप्राय त्या वर्गाविषयी आहे. वर्गाचे आणि तो घेणाऱ्या ताईंचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आमच्या तुकडीत अवघे अकरा जण होते आणि त्यांत दत्तक मूल वाढवणारी मी एकटीच होते. नाव लिहिले तर माझ्या लेकीला ओळखणे सोपे जाईल, आणि तिची गोष्ट कोणाला किती सांगायची हे ठरवण्याचा अधिकार पुढे तिचा आहे. शिवाय या लिखाणात काही तक्रारीही येणार आहेत. पुण्यात असे वर्ग आता बऱ्याच ठिकाणी चालतात, त्यामुळे त्यांपैकी कोठेही पैसे भरण्यापूर्वी माझा अनुभव उपयोगी पडावा, एवढीच अपेक्षा आहे.

वर्ग दर शनिवारी दुपारी ४ ते ६.३० या वेळात असतो आणि सातव्या आठवड्यात एक पूर्ण रविवार मौनात घालवायचा असतो. मी ९,५०० रुपये भरले. पती-पत्नी दोघे आले तर दुसऱ्याला निम्मे शुल्क पडते. पण आमच्या घरी दोघांनी एकाच वेळी बाहेर पडणे शक्य नव्हते, आणि ते का शक्य नव्हते हाच या लिखाणाचा विषय आहे.

लेक आमच्याकडे आली तेव्हा पावणेसहा वर्षांची होती, आता साडेनऊची आहे. विदर्भातल्या एका संस्थेत ती तीन वर्षे होती आणि त्याआधीचे कागद फार थोडे बोलतात. पहिले चार महिने ती एखाद्या शहाण्या पाहुणीसारखी वागली. सांगितले तेवढे खाल्ले, दिले ते घातले, कोणी हाक मारली की लगेच उठून उभी राहिली. नातेवाईक म्हणाले, किती गुणी पोर मिळाली. मग एके दिवशी तिच्या गादीखाली बुरशी आलेल्या सात पोळ्या सापडल्या, आणि त्यानंतर जणू घराला तिची आणि तिला घराची खरी ओळख होऊ लागली. साध्या नकाराने ती अर्धा-पाऊण तास किंचाळत असे. वस्तू फोडत असे, माझ्या हाताला चावत असे. अगदी टोकाला गेली की तिची पुण्यात शिकलेली भाषा गळून पडे आणि मूळची वऱ्हाडी वर येई: “मले नाई रायचं इथं.” आणि त्याच आठवड्यात सोसायटीत दुरुस्तीला आलेल्या एका अनोळखी माणसाच्या मांडीवर जाऊन ती निःशंक बसलेली मला दिसली. या दोन्ही गोष्टींनी माझ्या पोटात सारखाच गोळा आला.

पोळ्यांचा प्रश्न माझ्या सासूबाईंनी सोडवला, हे येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते, कारण त्यासाठी त्यांना कोणताही वर्ग लागला नाही. त्यांनी तिच्या पलंगाशेजारी एक स्टीलचा डबा ठेवला, त्यात चिवडा, राजगिऱ्याच्या वड्या आणि खाकरे भरले आणि सांगितले, “हा तुझा. रिकामा झाला की मला सांग, विचारायची गरज नाही.” पहिल्या महिन्यात तो रोज रिकामा होत असे. मग दोन दिवसांआड, मग आठवड्याने. गादीखालच्या पोळ्या थांबल्या. बाकीचे काही थांबले नाही.

मूल घरी आल्यापासून दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, संस्थेतर्फे पाठपुराव्याच्या भेटी होतात. कायद्याने ठरवून दिलेली ही व्यवस्था चांगली आहे आणि आमच्या घरी येणाऱ्या समाजसेविका समजूतदार होत्या. पण दोन वर्षे संपली की त्या भेटीही संपतात आणि मग आईवडील, मूल व बंद दार एवढेच उरते. बालमानसोपचारतज्ज्ञांकडे आम्ही जातच होतो, लेकीची खेळाद्वारे उपचार करणाऱ्या समुपदेशिकेकडची बैठकही दर आठवड्याला होत होती. माझे मात्र काय झाले होते, ते मला एका संध्याकाळी कळले. ती जिन्यात पडली, गुडघा चांगलाच फुटला, आणि मी जखम धुऊन हळद लावत असताना माझ्या मनात काहीही नव्हते. राग नाही, कळवळा नाही. भांडी घासावीत तशी मी ती जखम धुतली. त्या रात्री मला तिच्यापेक्षा माझीच जास्त भीती वाटली.

या अवस्थेला नाव आहे, हे मला लेकीच्या समुपदेशिकेने सांगितले. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॅन ह्यूज आणि जोनाथन बेलिन यांनी तिला ‘ब्लॉक्ड केअर’ म्हटले आहे. सतत झिडकारले गेल्यावर संगोपन करणाऱ्याच्या मेंदूतली मायेची यंत्रणा स्वतःला वाचवण्यासाठी हळूहळू बंद होत जाते. अंघोळ, डबा, अभ्यास ही कर्तव्ये चालू राहतात, पण त्यांतला ओलावा आटतो. मी माझ्यापुरते तिला माया थिजणे म्हणते. थिजलेले तूप खराब झालेले नसते, ऊब मिळाली की ते पातळ होते, एवढा दिलासा त्या शब्दात आहे. समुपदेशिकेने पुढे विचारले, “तिच्यासाठी तुम्ही सगळं करताय. तुमच्यासाठी काय करता?” माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून मी शोधाशोध सुरू केली.

पुण्यात ध्यानासाठी जागा शोधणे अवघड नाही. घरात नुसता विषय निघाला तर दिरांना कोरेगाव पार्कातल्या ओशो आश्रमाचे गडद तांबडे झगे आठवले आणि त्यावर दोन दिवस विनोद झाले. एका मैत्रिणीने विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर सुचवले. आळंदीजवळ मरकळला केंद्र आहे, शुल्क घेतले जात नाही, शिबिर पूर्ण केल्यावर इच्छेनुसार दान देता येते, आणि ती स्वतः तेथून फार निवळून आली होती. पहाटे चारला उठणे मला जमले असते, मौन तर हवेच होते. पण दहा दिवस फोन जमा करून घराबाहेर राहायचे, आणि जिला आयुष्यात किमान दोनदा मोठ्या माणसांनी सोडून दिले आहे अशा मुलीला ‘आई दहा दिवसांनी येणार आहे’ असे सांगायचे, हे मला जमणार नव्हते. ज्यांच्या घरची परिस्थिती वेगळी आहे त्यांनी तो मार्ग जरूर पाहावा. मला शांतता हवी होती ती घरात राहून, किंबहुना स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मिळणारी. आठवड्यातून अडीच तासांचा हा वर्ग म्हणून निवडला.

वर्गाचा आराखडा स्वतंत्र नाही, आणि ताईंनी ते पहिल्याच दिवशी प्रामाणिकपणे सांगितले. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात, जुनाट वेदना आणि ताणाने त्रासलेल्या रुग्णांसाठी, जो कार्यक्रम सुरू केला, त्याचीच ही पालकांसाठी केलेली आवृत्ती आहे. बौद्ध ध्यानपरंपरा आणि हठयोग यांतल्या गोष्टी धार्मिक वेष्टन काढून दवाखान्यात नेल्या गेल्या आणि आता त्या कर्वे रस्त्यावर परत आल्या आहेत. सासूबाई यावर म्हणाल्या, “म्हणजे आपलीच कैरी आणि त्यांच्या बाटलीतलं लोणचं.” हे पूर्ण खरे नाही, पण अगदी खोटेही नाही.

खोली प्रशस्त आहे, लाकडी खिडक्या आहेत, खाली सतरंजी आणि हव्या त्याला खुर्ची मिळते. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना कोणी मांडी घालण्याचा आग्रह करत नाही. रस्त्यावरच्या हॉर्नचे आवाज येतात. ताई म्हणतात, तेही ऐका. पहिल्या तासाला मनुकेचा प्रयोग होतो, जो या पद्धतीत सगळीकडेच करतात. एक मनुका हातात घ्यायची, जणू आयुष्यात पहिल्यांदाच पाहतो आहोत अशी पाहायची, वास घ्यायचा, ओठांवर ठेवायची आणि मग अत्यंत सावकाश चावायची. तुकडीतल्या बहुतेकांना हे नवलाचे वाटले. एका गृहस्थांनी तर डोळे पुसले. मला त्या वेळी फारसे काही वाटले नाही. पुढे जे वाटले ते घरी.

गृहपाठ म्हणून तोच प्रयोग घरातल्यांबरोबर करायचा होता. जेवणानंतर आम्ही चौघे बसलो. मी प्रत्येकाच्या तळहातावर एकेक मनुका ठेवली आणि वर्गात ऐकलेले सगळे सांगू लागले. लेकीने मूठ मिटली. “उघड, बघ तरी,” म्हटले, तर तिने मूठ पाठीमागे नेली. आम्ही तिघांनी आपापली मनुका खाल्ली, ती तशीच मूठ आवळून बसली आणि तशीच झोपायला गेली. सकाळी तिच्या फ्रॉकच्या खिशात ती मनुका मला धुण्याआधी सापडली, चपटी झालेली, दोरे चिकटलेली. ती हातात धरून मी न्हाणीघरात उभी राहिले आणि मला वाटले की त्या वर्गातल्या आम्हा अकरा जणांपेक्षा या मुलीला एका मनुकेचे मोल जास्त ठाऊक आहे. आम्हाला लक्ष द्यायला शिकावे लागत होते. तिचे लक्ष जन्मापासून एका क्षणासाठीही ढळलेले नव्हते. घरातल्या प्रत्येक दाराचा आवाज, माझ्या कपाळावरची आठी, डब्यातल्या पोळ्यांची संख्या यांपैकी काहीही तिच्या नजरेतून सुटत नसे. तिला सजगतेची नव्हे, थोड्या बेसावधपणाची गरज होती. मी मनुका धुऊन तिच्या डब्यात ठेवली. त्या दिवशी हळद लावताना जे जाणवले नव्हते, ते त्या क्षणी थोडेसे जाणवले.

म्हणूनच सांगते, की हा वर्ग मुलासाठी नाही, आणि मुलाला तेथे किंवा अन्यत्र सक्तीने डोळे मिटून बसवू नये. लेकीच्या शाळेतही मध्यंतरी सकाळच्या प्रार्थनेनंतर पाच मिनिटे ‘माइंडफुल’ बसण्याची टूम निघाली होती आणि ती बसत नाही म्हणून आम्हाला बोलावण्यात आले होते. ब्रिटनमध्ये 8,000 हून अधिक शाळकरी मुलांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. शाळेत दिलेल्या अशा प्रशिक्षणाने मुलांच्या मनःस्वास्थ्यात नेहमीच्या शिकवणीपेक्षा अधिक सुधारणा दिसली नाही. आणि ती तर सर्वसाधारण मुले होती. ज्या मुलाला डोळे मिटणे हीच धोक्याची गोष्ट वाटते, त्याला तर हे मुळीच सांगू नये. शाळेत मी एवढेच म्हटले की ती उघड्या डोळ्यांनी खिडकीतून बघत बसली तरी चालेल, आणि तिच्या बाईंनी ते मान्य केले.

वर्गात मला सर्वांत उपयोगी पडली ती तळपायांची साधना. ती चौथ्या आठवड्यात शिकवतात. निर्भय सिंग या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये, वारंवार हिंसक होणाऱ्या आणि त्यामुळे सतत रुग्णालयात राहावे लागणाऱ्या एका तरुणासाठी ही पद्धत वापरल्याचे प्रसिद्ध झाले होते, आणि तिच्यात कौशल्यापेक्षा साधेपणा जास्त आहे. राग उसळला की त्याच्याशी झगडायचे नाही, त्याला शांतही करायचे नाही; लक्ष तेवढे उचलून तळपायांवर न्यायचे. टाच, चवडा, बोटे, खालची फरशी. बस. ज्यांना श्वासावर लक्ष ठेवताना उलट धाप लागते, आणि ऐन भांडणात मला तसेच होते, त्यांना ही पद्धत अधिक जवळची वाटेल.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी भागाकाराच्या गणितावरून सुरुवात झाली. वही फाटली, फुलपात्र ओट्यावर आदळले, आणि मग ते वाक्य आले जे प्रत्येक दत्तक आईला कधी ना कधी ऐकावे लागते: “तू माझी आई नाहीस.” एरवी अशा वेळी मी काय करत असे, ते सांगते. मी चपला पायात सरकवून म्हणत असे, “मी एक फेरी मारून येते,” आणि इमारतीभोवती दोन चकरा मारून थंड डोक्याने परत येत असे. ओरडण्यापेक्षा, हात उचलण्यापेक्षा हे बरे, असे मला वाटे, आणि वर्गातही दुसऱ्या आठवड्यात हाच सल्ला मिळाला होता: आवरत नसेल तर खोलीबाहेर जा. त्या गुरुवारी मी गेले नाही. आमची जुन्या बांधणीची शहाबादी फरशी थंडगार असते. मी अनवाणी होते. टाच, चवडा, बोटे. साधारण दहा-पंधरा सेकंद मी नुसती उभी होते, आणि पहिल्यांदाच माझे लक्ष तिच्या शब्दांऐवजी तिच्या चेहऱ्याकडे गेले. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती माझ्या खांद्यावरून मागे, दाराजवळच्या चपलांच्या मांडणीकडे बघत होती.

साडेतीन वर्षे मी ज्याला स्वतःला सावरणे म्हणत होते, ते तिच्या लेखी निघून जाणे होते. ती भांडत असे, मी चपला घालत असे, आणि तिला जे आधीपासून ठाऊक होते ते दर वेळी खरे ठरत असे. परत आल्यावर मी कितीही गोड बोलले तरी तोवर तिने माझी उत्तरक्रिया उरकलेली असायची. मी खाली फरशीवर बसले. म्हटले, “मी कुठेही जात नाही. चपला बघ, तिथेच आहेत.” ती आणखी वीस मिनिटे रडली, पण ते किंचाळणे नव्हते. मग तिने जाऊन माझ्या चपला उचलल्या, स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवल्या आणि म्हणाली, “भूक लागली.” दुसऱ्या दिवशी मी स्लिपर घालून भाजी आणायला गेले, कारण चपला मागण्याची माझी छाती झाली नाही.

या एका शोधासाठी मला ९,५०० रुपये जास्त वाटत नाहीत. मात्र हा शोध वर्गाने मला दिला की वर्गाच्या सल्ल्याविरुद्ध वागल्यामुळे लागला, याचा हिशेब मी अजून लावते आहे. ‘खोलीबाहेर जा’ हा सल्ला ज्या मुलांच्या आयुष्यात आईवडील कायम होते त्यांच्या घरी ठीक असेल. सोडून दिले जाण्याची भीती ज्या मुलाच्या हाडामासात आहे, त्याच्या घरी शांत होण्याची कला खोलीतच, त्याच्या नजरेसमोर साधावी लागते. पाचव्या आठवड्यात मी ताईंना हे सांगितले. त्यांनी ते वहीत लिहून घेतले, वाद घातला नाही, आणि पुढच्या वेळी सगळ्यांसमोर आपली सूचना दुरुस्त केली. हा त्यांचा मोठेपणा आहे आणि तो मी नमूद करते.

आता तक्रारी. पहिली आणि गंभीर तक्रार अशी, की आघात पाहिलेल्या मुलांविषयी या वर्गाची तयारी तोकडी आहे. तिसऱ्या आठवड्यात बोलण्याच्या ओघात ताई म्हणाल्या की प्रत्येक मूल आपले आईवडील निवडूनच जन्माला येते. सभोवती माना डोलल्या. माझ्या मुलीने काय निवडले होते, कोणाला निवडले होते आणि त्या निवडीचे पुढे काय झाले, हे प्रश्न मी तेथे विचारले नाहीत, पण त्या संध्याकाळचे पुढचे काहीही माझ्या कानांत शिरले नाही. ज्या वाक्याने दहा जणांना बरे वाटते आणि अकराव्याला घाव बसतो, ते वाक्य अशा वर्गात नसावे.

दुसरी गोष्ट शरीरभर लक्ष फिरवण्याच्या साधनेची. पाऊण तास उताणे पडून, डोळे मिटून, अंगठ्यापासून टाळूपर्यंत जायचे. अनेकांना त्यात छान झोप लागते. आमच्या तुकडीतल्या एक बाई मध्येच उठून बाहेर गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. ज्यांच्या शरीराने स्वतःच काही भोगले आहे त्यांच्यासाठी हा प्रकार निरुपद्रवी नसतो, आणि ‘डोळे उघडे ठेवले तरी चालतील, थांबलात तरी चालेल’ हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगायला हवे. ते सांगितले गेले, पण त्या बाई बाहेर गेल्यानंतर.

घरी ऐकण्यासाठी दिलेल्या ध्वनिफितींची मराठी मात्र मला सहन होत नाही. ‘आपल्या श्वासाला आमंत्रित करा’, ‘आपल्या भावनांसाठी जागा धरून ठेवा’ असली वाक्ये ऐकताना मला पीएमपीच्या बसमध्ये रुमाल टाकून जागा धरणारे लोक आठवतात आणि ध्यान तेथेच संपते. ताई स्वतः समोर बसून बोलतात तेव्हा साधी, घरगुती मराठी बोलतात. तीच ध्वनिमुद्रित करायला काय हरकत आहे? रोज पाऊण तासाचा गृहपाठही अशा घरांत होत नाही. मी कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्याशी उभे राहून तळपायांची साधना करते, आणि ताईंनी तेवढे पुरेसे मानले.

मौनाचा रविवार मी अर्धाच केला. दुपारी एकला घरून फोन आला आणि मी निघाले. जेवढा केला तेवढा चांगला होता, वरण-भात आणि काकडीची कोशिंबीर असे साधे जेवण होते. त्याविषयी अधिक सांगण्यासारखे माझ्याकडे नाही.

परिणामांविषयी प्रामाणिकपणे लिहायचे तर लेक बदललेली नाही, किंवा जेवढी बदलली आहे तेवढ्याचे श्रेय तिच्या समुपदेशिकेला आणि तिचे तिलाच आहे. अजूनही आठवड्यातून एखादा पेला आपटतो. बदल माझ्यात आहे आणि तो फार लहान आहे: तिचा शब्द आणि माझे उत्तर यांच्यामध्ये आता एक श्वास मावतो, कधी दोन. त्या फटीत मला कधीकधी ती दिसते, तिचे वागणे नव्हे. मला आता तिच्याकडून कृतज्ञता नको आहे, ‘आई’ म्हणावे असा हट्टही उरलेला नाही; ज्या दिवशी ती म्हणते त्या दिवशी बरे वाटते. गेल्या महिन्यात तिला ताप होता, मी रात्री पट्ट्या बदलत होते आणि मला तिच्या कपाळाची काळजी वाटली. इतर आयांना हे वाक्य वाचून नवल वाटणार नाही. मला त्या रात्री आनंदाने झोप लागली नाही.

तेव्हा कोणी जावे? ज्यांच्या मुलाचे उपचार योग्य ठिकाणी चालू आहेत आणि जे स्वतः थकले आहेत, त्यांनी जावे. उपचारांऐवजी म्हणून जाऊ नये. जेथे स्वतःला किंवा मुलाला इजा करण्याचे विचार मनात येऊ लागले आहेत, तेथे आठ आठवडे थांबण्याची वेळ नसते. अशा वेळी आधी डॉक्टर, किंवा निदान 14416 हा शासनाच्या ‘टेलीमानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक, जो दिवसरात्र चालू असतो आणि विनामूल्य आहे. नाव नोंदवण्यापूर्वी ताईंना भेटून आपल्या मुलाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगावी, म्हणजे त्याही सावध राहतील. आठ आठवड्यांनंतर महिन्यातून एकदा दीड तासाची बैठक असते, तिचे ३०० रुपये पडतात, मी जाते. पाचपैकी साडेतीन गुण द्यावेत असे वाटते, आणि ताईंनी ती दुरुस्ती केली म्हणून चार.

जाण्यायेण्याचे सांगायचे राहिले. चारचाकी नेऊ नये, त्या गल्लीत उभी करायला जागा नाही. मेट्रोचे नळ स्टॉप स्थानक सोयीचे आहे. वेळेच्या बाबतीत मात्र हा वर्ग शिथिल आहे, आणि ही माझी शेवटची तक्रार. पहिल्या शनिवारी घरातून निघताना लेकीने विचारले होते, “साडेसहा म्हणजे काटा कुठे?” मी मनगटावरचे घड्याळ काढून तिच्या हातात दिले आणि दोन्ही काटे दाखवले. त्या दिवशी वर्ग वीस मिनिटे लांबला, आणि मी पोहोचले तेव्हा ती घड्याळासह पलंगाखाली होती. आता मी सव्वासहाला उठते, कोणी काहीही सांगत असले तरी. तुमच्या घरी असे घड्याळ बघत बसणारे कोणी असेल, तर वर्ग पावणेसातला संपेल असे धरून चाला, आणि घरी सांगताना साडेसात सांगा.